रकाना क्रमांक सात

नारिनहून फॉर्म आलाय.
रकाना सात : शाळेतील तंत्रज्ञान. संख्या लिहा.

अनारकुलबाई लिहितात, टॅबलेट, अकरा.
मग खोडतात. दोन फुटलेत,
एकावर बेकतुर नुसते घोडे बघतो.

शेगडी धरायची का?
ती पेटली नाही तर बोटं पेन्सिल धरत नाहीत.
आणि पेन्सिल?
तिच्याकडेही कुणीतरी कधीतरी
डोळे विस्फारून पाहिलं असेलच की.

मागच्या बाकावरची जिबेक
अडखळते, म्हणून वर्गात तोंड उघडत नाही.
मधल्या सुट्टीत मात्र यंत्राशी बोलते.
त्याला किर्गिझ धड येत नाही.
ती म्हणते बर्फ,
पडद्यावर उमटतो कावळा.

काल बाई दाराआड थांबल्या होत्या.
ज्या पोरीचं वाक्य दरवेळी
दुसरंच कुणीतरी पुरं करतं,
ती सांगत होती, शब्द फोडून,
चौथ्यांदा, न चिडता :
"त-तसं नाही. नीट ऐक."

टपालाची जीप हॉर्न देतेय.
बाई घाईघाईत लिहितात, नऊ.
आणि चौकटीबाहेर, बारीक अक्षरात :
पैकी एक सध्या
जिबेककडे शिकतंय.