चार किलो साखळी

बोट्सफ्योर. रात्रीचे दोन.
सूर्य मासळीच्या कोठारावर ठाण मांडून बसलाय
मे महिन्यापासून, हलायला तयार नाही.
आयलिफही नाही.
खिडकीला काळं कापड, त्यावर घोंगडी, त्यावर चिकटपट्टी,
तरी सुईच्या नाकाएवढी एक फट राहतेच
आणि तो नेमकी तीच शोधून काढतो.

सात वर्षांचा.
पायजम्याची लेबलं कापली,
शिवणी अंगाला लागू नयेत म्हणून कपडे उलटे घातले,
फ्रिजची घरघर नको म्हणून तो रात्रभर बंद.
दूध नासलं.
तुरिड म्हणाली, नासू दे.

त्याला झोप येत नाही असं नाही.
येते, दारापर्यंत येते,
पण तिच्या हवाली करायला त्याला स्वतःचं अंग सापडत नाही.
हात कुठे संपला, गादी कुठे सुरू झाली,
पाय आहेत की मघाशीच कुठे गेले.
हे मला गुन्व्होरने समजावलं.
ती महिन्यातून एकदा छोट्या विमानाने येते,
वाऱ्याची मर्जी असेल तर.

तोवर इलाज एकच होता, माझा हात.
कोपरापासून मनगटापर्यंत त्याच्या छातीवर आडवा,
जाळी ओढून ओढून लाकूड झालेला.
"अजून," तो म्हणायचा.
त्याच्याकडे शब्द मोजके, त्यातला हा एक.
मी अजून भार द्यायचो.
हाताला मुंग्या यायच्या, मग त्याही निघून जायच्या,
हात उरायचा फक्त त्याच्यापुरता.
आणि मी समुद्रावर गेलो की
तीन-तीन आठवडे या घरात डोळ्याला डोळा नाही.

गुन्व्होरने पिशवीतून काढली ती
गोधडीच म्हणायची, पण आत कापसाऐवजी साखळी,
बारीक कड्यांची, कापडाच्या नळ्यांतून
पायथ्यापासून उशापर्यंत शिवत नेलेली.
मला हसू आलं.
जन्मभर साखळ्याच ओढल्या, बाई.
नांगर सरकला तर अख्खी बोट जागी होते,
साखळीने कोणी झोपतं का?
"ही बांधायला नाही," ती म्हणाली,
"नकोशी झाली की त्याची त्याला भिरकावता आली पाहिजे.
आधी तेवढं शिकवा."

तेवढं तो लगेच शिकला.
पहिल्या रात्री भिरकावली. दुसऱ्या रात्री.
तिसऱ्या रात्री दिव्याला लागली, दिवा गेला.
मग नुसत्या पावलांवर, दहा मिनिटं, तेही दिवसा,
कपडे धुण्याच्या यंत्रासमोर बसून
(यंत्र फिरतं तोवर तो काहीही सहन करतो).
मग एकदा त्याने गोधडीला कान लावला,
बोटाने एक कडी हलवली, थांबला,
पुन्हा तीच कडी.
टाळ्यांना घाबरणारा, चमच्यांना घाबरणारा,
या किणकिणीला घाबरला नाही.
का, ते गुन्व्होरलाही सांगता आलं नाही.

अकराव्या की बाराव्या रात्री,
तुरिडच्या कॅलेंडरवर आहे, माझ्या लक्षात नाही,
त्यानेच ती ओढत आणली जिन्यावरून,
पायरीपायरीला आदळत.
गुडघ्यांवर घेतली. मग पोटावर.
मी सवयीने हात पुढे केला.
त्याने तो दोन बोटांत धरला
आणि ताटातला वाटाणा वेगळा काढावा
तसा बाजूला ठेवला.

दोन चाळीसला श्वास बदलला.
आम्ही दोघं दारात, मोजे घालून, चोरांसारखी.

जादू वगैरे काही नाही.
मंगळवारी पहाटेपर्यंत जागा होता,
गुरुवारी साखळीसकट पलंगाखाली जाऊन झोपला,
तिथेच राहू दिला.

पण त्या रात्री मी स्वयंपाकघरात बसलो,
टेबलावर हात ठेवला.
काय जड होता!
एवढं वजन इतकी वर्षं
त्या पोराने उचललं होतं,
की मी?
उजेड तसाच, बिनदिक्कत, सांडलेला.
मी फ्रिज लावला.
घरघर सुरू झाली.
घाबरून बंद केला.
कान देऊन ऐकलं. वर काही नाही.
मग पुन्हा लावला.