टाळी नसलेला शॉट

अठ्ठावीस नंबरच्या शॉटला टाळीच नव्हती.
क्लॅपवाला पोरगा हुरडा खायला गेला होता म्हणे,
तेवढ्यात कॅमेरा सुरू झाला.
चित्राची रीळ मुकी, आवाजाची आंधळी,
आणि दोघींची गाठ घालून द्यायची मी,
अशोक चौकातल्या भाड्याच्या खोलीत,
पुण्याहून टेम्पोत आणलेल्या जुन्या टेबलावर.

एरवी सोपं असतं.
फळी मिटते त्या फ्रेमवर पिवळ्या पेन्सिलीची फुली,
टेपवर टक् वाजतं तिथं दुसरी,
फुलीसमोर फुली, दात्यांत भोकं बसवायची,
चाकं फिरली की माणसं बोलायला लागतात.

इथं नुसते टॉवेलचे माग. चाळीस तरी असतील.
त्यांच्या मधोमध एक बाई काहीतरी सांगतेय,
कागदावर सरांच्या अक्षरात: 'मजुरीविषयी.'
टेपवर खडखडाट,
खडखडाटाच्या तळाशी सुईएवढा गळा.
धोटा जाताना दिसतो, फणी आपटताना दिसते,
पण कुठला ठोका कुठल्या मागाचा?
दोन रात्री मी
तीन फ्रेम पुढं, दोन फ्रेम मागं.

तिसऱ्या दिवशी घरमालकीण आली, नरसव्वा वल्लाल,
भाडं मागायला.
दारातच थांबली, पडद्याकडं बघत,
आणि आवाज बंद असताना
त्या बाईच्या तोंडचं मोठ्यानं बोलू लागली,
तेलुगूत.

"सव्वीस वर्षं मागावर काढली गं.
तिथं कान काय कामाचे? तोंडं वाचायची."

मी रीळ उलटी फिरवली.
तिनं काचेवर बोट टेकवलं, तंबाखूनं पिवळं झालेलं:
इथं. ओठ मिटले बघ. 'अम्मा'तला म.
टेप हातानं ओढत गेले, पुढं, मागं,
खडखडाटात एक मऊ खळगा लागला.
फुली.
फुली.

चाकं फिरली, आणि ती बाई
थेट माझ्याकडं बघत म्हणाली,
अम्मा, ती वायर उचल, मागात जाईल.

मजुरीचं काहीच नव्हतं.
त्या दिवशी वायर धरून मीच उभी होते,
आणि मी मान डोलावत होते, हो हो म्हणत.

भाडं उद्या देते म्हटलं.
नरसव्वा खाली उतरली, रस्त्याच्या कडेला उभी राहून
पलीकडच्या ओट्यावरच्या बाईशी बोलू लागली,
मधून ट्रक, रिक्षा, उसाची ट्रॉली,
आवाज न काढता, नुसत्या ओठांनी.
खिडकीतून मी वाचायला बघितलं.
ती दुसरी हसली, तेव्हा मी
अजून पहिल्याच शब्दाशी होते.