रेघेची जाडी

सभेला एकोणतीस माणसं आली, दोन कुत्री.
चहाचं पाणी नेहमीसारखं उशिरा उकळलं.
मी इतिवृत्त लिहायला बसले खिडकीपाशी,
जिथे हीटरची ऊब पोचत नाही.

विषय क्रमांक चार : क्रॅगबेक गावाची नवी हद्द.
नकाशा पसरला, चार कोपऱ्यांवर चार कप ठेवले
तरी एक कोपरा वर येतच राहिला,
नेमका चर्चकडचा.

चतुःसीमा येणेप्रमाणे :
पूर्वेस ओढा,
पश्चिमेस मेथडिस्टांचं बंद पडलेलं प्रार्थनाघर,
उत्तरेस डोंगर, त्याला कोणाची हरकत नाही,
दक्षिणेस विल्फ आयव्हसनचं कुरण.
तिथेच सगळं घोडं अडलेलं.

बिल्डरने मागितली अठ्ठावीस घरं.
गावाने, शून्य.
जिल्ह्याने पत्रात कळवलं, समतोल राखावा.
पाकिटावर तिकीट कमी होतं,
दंड आम्ही भरला.

हिल्डा मेटकाफ उठली.
म्हणाली, ऊन तिरपं झालं की त्या कुरणात
सातशे वर्षांपूर्वीच्या नांगराच्या सऱ्या दिसतात.
एकेक सरी वर येते,
झोपून उठलेल्याच्या गालावर
उशीची घडी उमटावी तशी.
दुपारी काही नसतं तिथे. दुपारी नुसतं गवत.
बिल्डरचा माणूस
दुपारी येऊन गेला होता.

मग मागच्या रांगेतून ब्रायनी,
मांडीवर पोर, पोराच्या स्वेटरला बुरशीचा वास.
तीन हिवाळे ती आईच्या परसात
कॅरव्हॅनमध्ये काढतेय.
सऱ्या सुंदरच आहेत, ती म्हणाली,
मी तिथेच घसरत मोठी झाले.
पण तो नांगर धरणारा,
तो रात्री झोपायला कुठे जायचा?
गावातच ना?

कुत्र्याने जांभई दिली.
मी लिहिलं : चर्चा झाली.

विल्फ अकरा वर्षांत सभेत बोललेला नाही.
तो उठला, माझ्या हातातली पेन्सिल घेतली
आणि कुरणाच्या खालच्या अंगाला,
जिथे पत्र्याची शेड आहे, मुरघासाचा खड्डा आहे,
जिथे सऱ्या कधीच नव्हत्या,
तिथे एक वाकडी रेघ ओढली.
इथे. नऊ घरं. छपरं दगडाची.
आधी इथल्या शाळेत शिकलेल्यांना.
भाव काय, कोणीतरी विचारलं.
ते माझं मी बघेन, म्हणाला,
आणि पेन्सिल खिशात घालून बसला.

हिल्डाने विरोधात हात वर केला.
नऊ म्हणजे नऊ जास्तच, ती म्हणाली,
आणि जाताना ब्रायनीच्या पोराची टोपी
नीट करून गेली.
सतरा विरुद्ध अकरा. एक जण झोपलेला.

रात्री घरी मी नकाशा पक्का करायला घेतला.
रेघ मोजली, अर्धा मिलिमीटर.
म्हणजे जमिनीवर सव्वा मीटर.
एवढ्या रुंदीत आख्खी भिंत मावते तिथली,
चुन्याशिवाय रचलेली, दगडावर दगड,
फटीत अडकलेली लोकर,
शेवाळ, मुंगसासारख्या त्या प्राण्याचं बीळ
ज्याचं नाव फक्त विल्फला येतं.
हे सगळं रेघेच्या आत की बाहेर,
कोणीच विचारलं नव्हतं.

पेन्सिलीला टोक काढलं.
रेघ खोडून पुन्हा ओढली,
जमेल तितकी बारीक.

आता भिंत तिच्यात मावत नाही.
ती कोणत्या बाजूची,
हा विषय पुढच्या सभेत.