कुटुंबप्रमुख

गावडोंगरीच्या पुढे डांबर संपतं,
मग काजूची झाडं, मग नुसती वाट.
माझ्या खांद्याला जनगणनेची पिशवी,
पुढे ताकू वेळीप, अनवाणी,
मधूनच मागे वळून
माझ्या बुटांची कीव करणारा.

घर क्रमांक एकोणीस. खोल्या किती?
"तीन. म्हणजे अडीच.
अर्धी तिची."

मधल्या खोलीत, शेणाची जमीन फोडून,
छातीएवढं वारूळ.
पिंजर, आबोलीचा वळेसर सुकलेला,
आणि एका अंगाला ओल्या मातीचा नवा कंगोरा,
काल रात्रीच रचलेला.
"सांतेर," ताकूची सून जयंती म्हणाली,
एखादीने "आमच्या सासूबाई" म्हणावं तसं.
ताकूच्या लग्नात ती गुडघ्याएवढी होती.
पुढे भिंतीला टेकली,
तेव्हा भिंत हलवली.
"अजून वाढली तर?"
"आमकां पडवी आसा."

कुटुंबप्रमुख कोण?
कुणी बोललं नाही. ताकूने फक्त हनुवटी
तिच्याकडे केली.
माणूस हवा, मी म्हणालो.
"माणसं तिचीच," तो म्हणाला,
आणि माझ्या पेनाकडे बघत राहिला
मी लिहीपर्यंत.

व्यवसाय?
"कुमेरी लिही."
डोंगर भाजून नाचणी पेरायची, तीन वर्षांनी
डोंगराला परत द्यायचा, ती कुमेरी?
ती तर बंद झाली ना?
"तुमच्या कागदात."
मग स्वतःच म्हणाला, बरं, मजुरी लिही,
काजूच्या बागेत, दुसऱ्याच्या.

स्वयंपाक कशावर?
"गॅस आसा," जयंती, जरा तोऱ्यात.
"आणि एक साल आड, माथ्यार," ताकू.
मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.
मग त्याने बसून दाखवलं:
तीन गडी, डोक्याला डोकं भिडवून,
माथ्यावर ओलं फडकं, त्यावर मडकं, जाळ,
भात शिजेपर्यंत कुणी हलायचं नाही.
तीन वेळा त्या चुलीचा एक दगड
तो झालेला.
काय वाटतं तेव्हा? मी विचारलं.
हा प्रश्न छापील नव्हता.
त्याने बराच विचार केला.
"मान खाजते. हात नेता येत नाही."

इथे कधीपासून राहता?
त्यावर तो आईच्या माहेराला गेला,
रिवणच्या बाजूला, नदीकाठच्या जांभ्यावर.
तिथे दगडात बैल आहेत कोरलेले, हरणं,
आणि गरगरत आत जाणारी एक रेघ,
जिच्यावरून बोट फिरवत तो लहानपणी
दुपार काढायचा.
कुणी कोरलं?
"गुराख्यांनी."
कधी?
"गुरं चरत होती तेव्हा."
मी शाळेत इतिहास शिकवतो.
सनावळीशिवाय उत्तराला गुण देत नाही.
इथे मी ओळ कोरी सोडली.

निघताना जयंतीने कोकम सरबत दिलं,
आणि त्याआधी थोडं
वारुळाच्या पायाशी सांडलं,
न बघता, सवयीने.

मडगावला माझ्या फ्लॅटच्या चौकटीत
गेल्याच महिन्यात औषध भरलंय,
वीतभर अंतरावर भोकं, वर पांढरी लांबी,
पाच वर्षांची हमी,
कागद फ्रिजवर चुंबकाखाली.
त्या रात्री दाराशी उभं राहून भोकं मोजली.
बत्तीस.
सध्या माझं कामच ते.
मग कान लावला चौकटीला.
शेजारचे कुडतरकर कचरा ठेवायला आले,
"चावी राहिली का आत?" म्हणाले.

सकाळी पर्यवेक्षक बाईंचा फोन:
एकोणीस नंबरात माणसं सहा, नावं सात कशी?
आणि पहिल्या ओळीत वय नाही, पतीचं नाव नाही.
खोडून टाकू?

थांबा, मी म्हणालो,
विचारून सांगतो.