फॉर्मच्या मागच्या बाजूला

आवाज किती मोठा, शून्य ते दहा?
आठ.
मागच्या खेपेलाही आठच लिहिलं होतं, इल्वा,
तुमच्याकडे नोंद असेल.

पुढच्या चौकटीत मात्र, आवाजाचा त्रास किती,
तिथं तीनवर खूण केली आहे.
हे दोन आकडे एकाच माणसाचे कसे
असं तुमच्या प्राध्यापकांना वाटू नये
म्हणून मागे लिहितो. पुढे जागा नव्हती.

एकतीस वर्षं मी लाकडाच्या गिरणीत करवतीपाशी उभा होतो,
इंदाल नदीच्या मुखाशी.
कानात बोळे घालायचा नियम नंतर आला,
आला तेव्हा आम्ही हसलो.
गिरणी विकली, यंत्रं बोटीनं एस्टोनियाला गेली.
आवाज तेवढा माझ्याकडे राहिला.

या कानानं ऐकावं, त्या कानानं सोडून द्यावं म्हणतात.
हा त्या कानापर्यंत जातो आणि परत फिरतो.
कानाडोळा करायला गेलो, तर डोळा मिटतो,
कान उघडाच.
रेडिओ लावून झोपलो. पंखा लावून झोपलो, जानेवारीत.
गुन्वोर दुसऱ्या खोलीत झोपायला गेली
ती पंख्यामुळे. आवाजामुळे नव्हे.
तुमचा तिसरा प्रश्न वाचेपर्यंत हे सुचलंच नव्हतं:
आवाज टाळण्यासाठी तुम्ही काय काय सोडलंत?

यादी केली. चर्चमधलं बाक. शांत जेवण.
भावाचा रविवारचा फोन. बर्फावरची मासेमारी,
कारण तळ्यावर इतकी शांतता असते
की त्याला रान मोकळं मिळतं.
यादी कागदाच्या खाली उतरली.

चिठ्ठ्या टाकल्यात तेव्हा माझं नाव
वाट बघणाऱ्यांत निघालं.
दहा आठवडे मला काही द्यायचं नाही, फक्त मोजायचं.
फोनवर मी काय बोललो ते आठवतं, माफ करा.
तुम्ही म्हणालात, नाहीतर कळणार कसं,
बरं वाटलं ते पुस्तकानं की नुसत्या वसंतानं?
करवतीच्या माणसाला हे पटतं.
एक फळी न कापता बाजूला ठेवावी लागते,
मापाला.

मग पुस्तक आलं. पातळ. चित्रं बालिश.
'आवाजाला जागा करून द्या.'
जागा? घर त्यानंच बळकावलंय.
चुलीत घालणार होतो.

तिसऱ्या आठवड्याचा धडा मात्र करून पाहिला,
सरपणाच्या खोपटात, दार लावून.
मनात सारखा येणारा एक शब्द घ्या,
मोठ्यानं म्हणत राहा, मिनिटभर.
माझा शब्द होता 'संपलं'.
संपलं संपलं संपलं संपलंसं पलंसं पलंसं
चाळीस सेकंदांत त्यातला अर्थ गळून पडला,
नुसते ओठ ओठांवर आपटत होते,
ओल्या फळ्या रचताना होतो तसा आवाज.
मी हसलो. मग बराच वेळ हसलो नाही.
एवढ्याशा शब्दानं दोन वर्षं दमात ठेवलं होतं मला.

बरा झालो असं लिहू नका.
मंगळवारी रात्री दोनला उठून भिंतीवर मूठ आपटली.
गुन्वोरनं पलीकडून आपटली.
एकदाच.

शनिवारी तळ्यावर गेलो.
बर्फ हातभर जाड, गिरमिट चांगलं फिरलं.
भोकातून पाणी वर आलं, काळं,
सगळं गप्प झालं,
आणि तो सुरू झाला, कानामागून येऊन तिखट झालेला,
पाइनच्या गाठीत पातं अडकावं तसा.
मी ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.
गळ सोडला.
तो होता. थंडी होती. दोरी बोटावर होती.
दोन तासांत एक पर्च, तळहाताएवढा.
परत सोडला.

प्रश्न अकरा: या आठवड्यात
तुमच्या दृष्टीनं मोलाचं काही केलंत का?
तिथं 'हो' लिहिलं आहे.
काय केलं तेही लिहा म्हणता,
पण मासा अगदीच लहान होता.

हाल्वार, दुसरा गट, क्रमांक ४७