हात सैल सोडा

जांभळी नाक्यावर एकेचाळीस वर्षं
हेच वाक्य विकतोय मी, बांगड्या त्यावर फुकट.
हात सैल सोडा, ताई. अंगठा आत घ्या.
आज सकाळी आठला टेबलावर मी आडवा
आणि मास्कमधला एक पोरगा
माझं मनगट उताणं धरून म्हणतो,
काका, हात सैल सोडा.

सुटला नाही लवकर.

मनगटातून काळजापर्यंत वाट जाते
हे कुणी सांगितलं नव्हतं मला.
हजारो मनगटं वळवली, दाबली,
साबण लावून हाडावरून काच सरकवली.
दार तिथंच होतं, माझ्या बोटाखाली उडत.

पडद्यावर काळ्या फांद्या. एक मध्येच चिमटलेली.
"पावणेतीनची द्या," डॉक्टर म्हणाले,
नुसत्या नजरेनं माप घेऊन.
मी दोन-चार, दोन-सहा, दोन-आठवाला माणूस,
एवढं कळतं मला. बरं वाटलं.
मग म्हणाले, झालं काका, जाळी बसली, वाट वाढवली,
आणि मी दचकलो.
आमच्या दुकानात फुटलेल्या बांगडीला
वाढवली म्हणतात.

दुपारभर मनगटावर हवा भरलेला पट्टा.
सिस्टर जिन्सी सिरिंजनं थोडी हवा काढायची,
थांबायची, रक्त येतंय का बघायची, पुन्हा थोडी.
एवढी सबुरी मी फक्त नवरीचा चुडा भरताना.

शालननं तीन दिवसांची पिशवी आणलेली:
चादर, थर्मास, तांब्या, मोरावळ्याची बरणी.
गाठसुद्धा सुटली नाही.
साडेसहाला कागद आले. रासने, घरी जा.
"आज?" तिनं विचारलं. मग पुन्हा, "आजच?"
तिच्या भावाची छाती उघडली होती सत्याण्णव साली,
एकोणीस दिवस ठेवला होता त्याला.
स्वस्तात मिळालेल्या मालाकडे बघावं
तशी ती माझ्याकडे बघत राहिली.

रिक्षा मासुंद्याच्या कडेनं.
हात मांडीवर, अंड्यासारखा.
प्रत्येक गतिरोधकाला ती रिक्षावाल्याला बोलली.

आता खारकर आळीत रात्रीचे दोन.
पिशवी दाराशी, बांधलेली तशीच.
म्हटलं, उपस ना.
म्हणाली, एवढी रात्र जाऊ दे.
बांगड्यांवर तिनं रुमाल गुंडाळलाय,
मला झोप लागावी म्हणून,
आणि थोड्या थोड्या वेळानं काळोखातून
तिची बोटं येतात, माझी पट्टी चाचपतात,
कोरडी आहे का.

सोड तो रुमाल, मी म्हणालो.
वाजू दे.