शिसं

कप्तान विचारतो, दिसायचा कसा तो?
दुभाषा तेच आमच्या भाषेत विचारतो,
माझ्याकडे न बघता.

काय सांगू.
डावा पाय जरा ओढायचा.
ओठ सुपारीनं लाल, ते तर सगळ्यांचेच.
घोडा नव्हता. घोडा गेला डोईपट्टीत,
पुढच्या वर्षी द्यायला घोडा नाही म्हणून
धाकट्या भावाला नेलं रस्ता फोडायला.
भाऊ परतला नाही. रस्ता आला,
थेट दारापर्यंत, तुमच्या तोफेसकट.

हे मी बोलले नाही.

कॉफी फुलावर होती तेव्हा आसा-बेरे आला.
घरटी सहाशे झाडं, मोजून लावलेली;
एक वाळलं तर त्याचा हिशेब पाठीवर.
दारात बसला, चुना मागितला, म्हणाला,
बुई-लाकू, बापाचं जाळं आहे अजून?
होतं. खुंटीला. कडेनं शिशाच्या बावीस गोळ्या,
बापानं एकेक दातांनी दाबून बसवलेल्या.
रात्रभर करवंट्या जाळून मी त्या वितळवल्या.
दातांच्या खुणा आधी गेल्या,
मग आकार.

हातु-लेसूच्या खिंडीत आम्ही जिंकलो होतो,
हे कुठे लिहिलंय का तुमच्यात?
तुमच्या झेंड्यानं तीन दिवस आम्ही भात झाकला.
कापड चांगलं होतं.
मग बोटीतून उतरले भलत्याच मुलखातले शिपाई,
आमच्याहून काळे, आमच्याइतकेच उपाशी.
एकानं खुणेनं पाणी मागितलं.
दिलं मी. काय करणार.

शेवटी शेवटी बंदूक होती, दारू होती, शिसं संपलं.
नळीत खडे भरायचा तो,
एकदा तर कॉफीच्या बिया.
चाप ओढताना ओरडला म्हणे,
घ्या, पट्टी भरतोय!
आणि स्वतःच इतका हसला की नेम चुकला.

अंगणात चटईखाली चौघं आहेत.
त्यातला कोणता, एवढंच कप्तानाला हवंय.
मी चटई उचलते.
मेल्यावर कुणाचाच पाय लंगडत नाही.

हा, मी म्हणते.
आणि हाही.
पलीकडचा तो, तोही.
चौथ्यापाशी जरा थांबते, त्याच्या कपाळावरची माशी हाकलते.
हा तर नक्कीच.

दुभाषा आता बघतो माझ्याकडे.
मग कप्तानाला काहीतरी सांगतो, अगदी थोडक्यात.
कप्तान लिहितो, कागदावर फुंकर मारतो, पुन्हा मारतो.
समुद्राकडची हवा ही.
इथे शाई लवकर वाळत नाही.